विचारलंय तेवढंच

केरू भुवडाचा गोठा मोजायला ग्रामसेवक दीपक धुमक गेला, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ग्रामपंचायतीचा शिपाई पोट बिघडल्याचं सांगून घरी बसला होता. पंच म्हणून बोलावलेले दोघे बांधावर उभे राहून विड्या ओढत होते. टेपला हात लावायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी सरपंच मृणाली भुवड स्वतःच पुढे झाली. गोठा तिच्या सासऱ्याचा, अर्ज तिच्याविरुद्ध, आणि टेपचं टोकही तिच्याच हातात.

"ताणून धरा," दीपक म्हणाला.

"धरलंय, भाऊसाहेब. बघा किती येतंय."

लांबी सव्वीस फूट भरली, रुंदी चौदा. हद्दीचा दगड गोठ्याच्या आतच निघाला, गव्हाणीच्या शेजारी, शेणमातीनं लिंपलेला. म्हणजे गोठ्याचा पुढचा आठ फुटांचा तुकडा तेवढा केरूच्या जमिनीत होता. बाकीचा सगळा गुरचरणात, सरकारी जागेत.

केरूची बायको हौसा ओटीवरून हे बघत होती. ती तरातरा खाली आली. "भाऊसाहेब, मी लग्न करून आले तवापासून हाय ह्यो गोठा. चाळीस पावसाळे झाले. तवा कुनी इचारलं नाय, आन आताच कशी सरकारला जाग आली वो?"

"आई, तुम्ही आत जा," मृणाली म्हणाली. "त्यांचं काम त्यांना करू द्या."

गाईच्या पाठीवर हात ठेवून केरू नुसता उभा राहिला. दीपकनं पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या. हौसानं चहा पुढे केला, त्यानं नको म्हटलं. तळेकोंडात येऊन सहा वर्षं झाली तरी त्यानं कुणाच्या घरचा चहा घेतला नव्हता. आंब्याच्या दिवसांत कुणी पेटी आणून ठेवली, तर तो ती शिपायाच्या डोक्यावर देऊन परत पाठवायचा. लोक त्याला माजोरी म्हणत. पण कागदावर त्याच्या हातून कधी खोटा शब्द जात नाही, हेही तेच लोक मान्य करत. बावन्न वर्षांच्या आयुष्यात अभिमानानं सांगण्यासारखं दीपककडे तेवढं एकच होतं.

त्या अर्जाचं मूळ दोन महिने मागे होतं, भादव्यातल्या मासिक सभेत.

तळेकोंडच्या वर मोठा सडा आहे. काळाभोर, उघडाबोडका कातळ. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढचे आठ महिने खालच्या झऱ्यातून थोडं थोडं सोडतो. गावाची विहीर त्याच झऱ्यावर. त्या सड्यावर चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे चिरे कापायची खाण, काढण्यासाठी ना हरकत दाखला हवा, असा अर्ज पंचायतीकडे आला होता. जमीन उपसरपंच सुजय रहाटे याच्या मेव्हण्याची. खाणीवरचं मशीन सुजयचं असणार, हेही गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मृणालीला निवडून येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जागा महिलेसाठी राखीव निघाली, नवरा मुंबईला कुरिअरच्या गोदामात, म्हणून घरच्यांनी आणि वाडीनं मिळून तिला उभी केली होती. सही करायला कुणीतरी बाई हवी, एवढाच त्यामागचा हिशोब. पण प्रशिक्षणात मिळालेली नियमांची पुस्तिका बाईनं खरोखरच वाचली. पेन्सिलीनं खुणा करकरून वाचली, आणि न समजलेलं दीपकला येऊन विचारलं. इतक्या वर्षांत त्याला नियम विचारायला आलेली ती पहिलीच सरपंच. दीपकही खुलला. दर सोमवारी दप्तर बंद करायच्या आधी तो तिला एक एक कलम समजावून सांगायचा.

खाणीचा विषय निघाला तशी ती सभेत म्हणाली, "भाऊसाहेब, ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा किंवा नात्यातल्यांचा फायदा असेल, त्या विषयाच्या वेळी त्यानं बसायचं नाही, असा नियम आहे ना?"

दीपक म्हणाला, "आहे."

आजवर कुणाला असं उठवलं नव्हतं. सुजयनं तिच्याकडे बघितलं, मग दीपककडे बघितलं, आणि हसत हसत खुर्ची मागे सरकवली. "नियम म्हटल्यावर नियम. बसतो बाहेर." दारात थांबून तो म्हणाला, "वहिनी, पुस्तक पूर्ण वाचलंत ना? पुढं पण बरंच आहे त्यात."

अर्ज चार विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला.

पंधरवड्यात जिल्ह्याला तक्रार गेली. खाली सही लवू मांडवकराची. लवू सुजयचा टेम्पो चालवायचा, आणि आपण कशावर सही केली ते त्याला धड सांगता येत नव्हतं. तक्रारीत मात्र सगळं नेमकं होतं. सरकारी जागेवर ज्याच्या कुटुंबाचं अतिक्रमण आहे त्याला पंचायतीत राहता येत नाही. सरपंचांच्या सासऱ्याचा गोठा गुरचरणात आहे. सबब त्यांना अपात्र ठरवावं. हा नियमसुद्धा पुस्तिकेत होताच. तो शिकवताना दीपकला केरूचा गोठा आठवला नव्हता, आणि मृणालीलाही नाही. चाळीस वर्षं उभी असलेली गोष्ट कुणाच्या नजरेला टोचत नाही.

चौकशीचा हुकूम तालुक्याहून दीपककडे आला.

दीपकनं नुसता गोठाच मोजला नाही. गुरचरणाची सबंध हद्द तो तीन दिवस टेप घेऊन फिरला. सत्तेचाळीस घरांचं काही ना काही सरकारी जागेत निघालं. कुणाची पडवी, कुणाचं न्हाणीघर, कुणाचा गवत ठेवायचा मांगर. त्यात दोन सदस्यांची घरं होती. आणि उपसरपंच सुजय रहाटे याच्या बंगल्याचं चिऱ्याचं कुंपण, सहा फूट आत, पंचेचाळीस फूट लांब. त्यानं सगळं टिपून घेतलं, खोलीवर बसून अहवाल टाइप केला आणि गोठ्याच्या मापाखाली सत्तेचाळीस नावांचा तक्ता जोडला. त्या दिवशी त्याला हलकं वाटलं होतं. जे आहे ते सगळं आहे तसं लिहिलं, असं त्यानं बायकोला फोनवर सांगितलं.

चार दिवसांनी तालुक्याला बोलावणं आलं. गटविकास अधिकारी बाई होत्या, चांगल्या होत्या. टेबलावर फायलींचा ढीग आणि समोर डबा उघडा. जेवता जेवताच त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"धुमक, हा तक्ता कशाला?"

"मॅडम, वस्तुस्थिती आहे."

"असेल. पण तक्रार एकीविरुद्ध आहे. चौकशी तक्रारीपुरती करायची. विचारलंय तेवढंच लिहा." मग थोड्या मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही सत्तेचाळीस नावं माझ्या टेबलावर आणलीत, की मला सत्तेचाळीस नोटिसा काढाव्या लागतात. त्यांत विधवा असतील, म्हातारी माणसं असतील. त्यांची न्हाणीघरं पाडायला तुम्ही येणार माझ्याबरोबर?"

दीपकला गोदाकाकूची पडवी आठवली. पडवी कसली, चार वासे आणि पत्रा. त्याखाली तिची चूल होती.

"मग निदान सदस्यांची तिघांची तरी नावं ठेवतो, मॅडम. नियम त्यांनाही लागू आहे."

"त्यांच्याविरुद्ध तक्रार आलीय का?"

"नाही."

"आली की बघू." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमची गुहागरकडची विनंती बदली किती वर्षं पडून आहे?"

"सहा."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या. धमकी नव्हती, आमिषही नव्हतं. नंतर दीपकनं तो 'हं' पुष्कळदा आठवून बघितला, पण त्यात बोट ठेवण्यासारखं काही सापडलं नाही.

तो परत आला. त्याच फाईलमध्ये त्यानं तक्ता निवडला आणि काढून टाकला. मॅडमनी परत दिलेली पहिली छापील प्रत चार तुकडे करून टोपलीत टाकली, टिपणवहीतली तीन पानं फाडली. उरलेलं दीड पान त्यानं पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. सही करताना तेच त्यानं स्वतःला दोनदा बजावलं.

मृणालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. अहवाल गोपनीय, म्हणून त्यानं तिला सांगितलं नाही. सोमवारी ती यायची, पण पुस्तिका आता पिशवीतच राहायची. एकदा तिनं विचारलं, "गोठा पाडला तर चालेल का हो?"

"पाडलात तर बरं," तो म्हणाला. आता पाडूनही उपयोग नाही, अतिक्रमण होतं एवढं सिद्ध झालं तरी पुरे, हे त्याला माहीत होतं. पण तेवढं त्यानं तिला सांगितलं नाही.

गोठा केरूनं एकट्यानं पाडला. कुणाला हात लावू दिला नाही. आधी कौलं उतरवून रचली, मग वासे, मग भिंतीचा एक एक चिरा. आठ दिवस लागले. गाय आणि पाडी आंब्याखाली ताडपत्री टाकून बांधली. हद्दीचा दगड उघड्यावर आला तेव्हा केरूनं तो पाण्यानं धुतला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला, "ह्यो बगा, सरकारचा दगड. माज्या गव्हानीत व्हता आन मनाच म्हाईत नाय."

माघात निकाल लागला. गोठा पाडल्याचे फोटो मृणालीच्या वकिलानं लावले होते. निकालात त्यांचा उल्लेखही होता: अतिक्रमण नंतर काढल्यानं आधीची अपात्रता जात नाही. मृणाली सरपंचपदावरून आणि सदस्यत्वावरूनही गेली. नवी निवडणूक होईपर्यंत कारभार उपसरपंचाकडे.

कारभाराची यादी घेऊन दीपक तिच्या घरी गेला. शिक्के, चाव्या, इतिवृत्ताची वही, पाणीपुरवठ्याची फाईल. ती ओटीवर बसून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होती आणि समोर सही करत होती. सही पूर्ण नावानं, सावकाश.

शेवटची सही झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही तीन दिवस हद्दीवर फिरत होतात. आमच्या लेकीनं, अक्षयानं, बघितलं होतं शाळेतून येताना. सगळ्यांचं मोजत होतात ना?"

"हो."

"लिहिलं होतंत?"

"लिहिलं होतं."

"मग निकालात कुठं काही नाही ते."

दीपकनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "काढलं. विचारलंय तेवढंच लिहा, असं तालुक्याला मॅडम म्हणाल्या."

तिनं आंब्याखालच्या गाईकडे बघितलं. "सुजयभावोजींचं कुंपण किती होतं?"

"सहा फूट. पंचेचाळीस लांब."

"मला सांगितलं असतंत तर मी अर्ज केला असता. गरिबांच्या विरुद्ध नसता केला. त्यांच्या एकट्याविरुद्ध केला असता."

"अहवाल गोपनीय होता, म्हणून मी..."

"अहवाल गोपनीय होता, भाऊसाहेब. कुंपण नव्हतं."

खरंच होतं ते. कुंपण रस्त्यावरून दिसत होतं. ते कुठपर्यंत सरकारी जागेत आहे, हे मात्र साऱ्या गावात त्याला एकट्याला कळलं होतं.

"मग आता करते अर्ज," ती म्हणाली.

"आता ते नाही. पौषात त्यांनी कुंपण पाडून आत घेतलं. रंगकामाच्या निमित्तानं. जुन्या जागेवर माती टाकून अबोली लावलीय."

"पण आधी होतं हे तुम्ही लिहिलेलं असेल ना? तो कागद?"

"फाडला."

"वहीत?"

"पानं काढली."

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त उठली, यादीची आपली प्रत घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "सासूबाईंनी चहा ठेवलाय, पण तुम्ही घेत नाही, म्हणून विचारत नाही."

शिमग्याआधी ग्रामसभा लावली. खाणीच्या दाखल्याचा विषय पुन्हा आणायचा होता. मुंबईकर अजून आलेले नव्हते, काजूचे दिवस, बायका बागेत. वेळेला जेमतेम वीस माणसं जमली. दीपकनं इतिवृत्तात लिहिलं: गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा सुरू झाली, कारण तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. सुजय अध्यक्षाच्या खुर्चीत होता. खाणीचा विषय आला तसा तो आपणहून उठला. "माझ्या नात्यातला विषय आहे. मी बाहेर बसतो. नियम आहे." त्याच्या जागी दुसरा एक सदस्य अध्यक्ष झाला. सगळं नियमाबरहुकूम चाललं होतं, आणि दीपक ते लिहून घेत होता.

मागच्या रांगेतून मृणाली उभी राहिली. आता ती नुसती मतदार होती.

"खाण झाली तर झरा जाईल," ती म्हणाली. "सड्याचा कातळ पाणी धरतो. तो कापलात तर वैशाखात विहिरीत काय उरणार? माझा विरोध आहे. नावानिशी लिहा."

कुणी मान वर केली नाही. गोदाकाकू शेजारीच बसली होती. तिनं पदर तोंडाशी घेतला आणि हळूच मृणालीचं लुगडं ओढलं, "बस गो बाय. माजी पडवी हाय." तालुक्याच्या कार्यालयातून बातमी काढून सुजयनं गावात पसरवलं होतं की यादी झाली होती, सत्तेचाळिसांची, आणि ती आपण दाबून ठेवली म्हणून सगळ्यांचे वासे शाबूत आहेत.

अध्यक्षस्थानी बसलेला सदस्य दीपककडे वाकला. "एकटीचा विरोध लिहायची काय गरज? बहुमतानं मंजूर लिहा."

दीपकनं वहीवरून हात काढला नाही. त्यानं लिहिलं: श्रीमती मृणाली भुवड यांनी झरा व विहीर आटण्याच्या कारणास्तव विरोध नोंदवला. तिचे शब्द जसेच्या तसे घातले, सव्वा पान. सदस्यानं सही करायला कां-कूं केली, तेव्हा दीपक म्हणाला, "नाही केलीत तर तसं लिहीन." सही झाली.

पुष्कळ दिवसांनी त्याला जरा सरळ बसावंसं वाटलं. पण तेही दोन दिवसच टिकलं. वरच्या कार्यालयानं फक्त ठरावाचा उतारा मागवला. उतारा म्हणजे ठरावाच्या चार ओळी. चर्चा त्यात येत नाही. त्या चार ओळी दीपकनंच काढल्या, शिक्का मारला आणि 'खरी नक्कल' असं लिहून खाली सही केली. सव्वा पान वहीत राहिलं, आणि वही कपाटात.

चैत्रात सड्यावर मशीन चढलं. सकाळी सातला सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. खाली पंचायतीत बसून बोलताना आवाज चढवावा लागे. कातळ कापल्याचा तांबडा गाळ उताराला लागला आणि पंधरा दिवसांत झऱ्याचं पाणी गढूळ झालं. दीपकनं तालुक्याला दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं की बाब तपासून घेण्यात येईल. दुसऱ्याला आलं नाही.

मेच्या शेवटी बदल्यांची यादी लागली. गुहागर तालुका, घरापासून चार किलोमीटर. सहा वर्षं मागून न मिळालेली बदली न मागता आली होती. नको म्हणून कळवावं, असा विचार दीपकनं केला. पण कारण काय लिहायचं? खरं कारण लिहायला कुठल्या अर्जात रकाना नव्हता, आणि घरी बायको फोनवर आनंदानं रडत होती. त्यानं रुजू होतो म्हणून कळवलं.

शेवटच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून तो चालत रस्त्याकडे निघाला. वाट झऱ्यावरून जात होती. मृणाली तिथे होती, बरोबर आणखी दोघीतिघी. दगडाच्या पन्हाळीतून करंगळीएवढी धार पडत होती, तांबूस. हंड्याच्या तोंडाला धुवट कापड चौपदरी बांधून त्या पाणी धरत होत्या. त्याला बघून बाकीच्या बायका बोलायच्या थांबल्या.

"निघालात?" मृणाली म्हणाली.

"हो. गुहागरला मिळाली."

"बरं झालं. घर जवळ पडेल."

त्यात टोमणा नव्हता. तो तिथेच घुटमळला. "केरूकाका कसे आहेत?"

"गाय विकली. तेव्हापासून बोलत नाहीत फारसे. अक्षयाला पुढच्या महिन्यात मुंबईच्या शाळेत घालतोय. मीही जातेय. सासूबाई नाही म्हणतात, ती दोघं राहतील इथं." तिनं कापड उचलून बघितलं. वर लालसर चिखलाचा थर बसला होता. तो झटकून तिनं कापड पुन्हा बांधलं.

"निवडणूक लागेल श्रावणात," दीपक म्हणाला. "तुमच्या वाडीतून कुणी उभं..."

"कोण राहील, भाऊसाहेब? प्रत्येकाचं काही ना काही आहेच हद्दीत."

वर सड्यावर मशीन सुरू झालं. तिच्या तोंडून पुढे काही निघालंही असेल, पण ते त्याला ऐकू आलं नाही. तिनं हंडा सरळ केला आणि दुसरीला पुढे व्हायला हात केला. दीपक चढ चढून रस्त्यावर आला. बसला अजून वेळ होता. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं चहा विचारला, त्यानं घेतला, आणि चिऱ्यांनी भरलेले ट्रक एकामागून एक समोरून जाताना बघत तो उभा राहिला.